चूक कोणाची, की चूक कशामुळे?

१९३५ सालच्या ऑक्टोबर महिन्याची ३० तारीख. अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन शहराजवळ राइट फील्ड नावाचा लष्करी विमानतळ होता. तेथे एका नव्या बॉम्बफेकी विमानाची चाचणी चालू होती. बोइंग कंपनीने बनवलेल्या या विमानाचे नाव होते ‘मॉडेल २९९’. स्पर्धेतील इतर कंपन्यांची विमाने दोन इंजिनांची, हे मात्र चार इंजिनांचे. वेगात आणि पल्ल्यात ते सगळ्यांच्या पुढे होते. त्या दिवशी लष्कराचे मेजर प्लॉयर हिल विमान चालवीत होते आणि बोइंगचे चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर त्यांच्यासोबत होते.

विमानाने जमीन सोडली, नाक वर केले आणि ते चढू लागले. चढ वाजवीपेक्षा तीव्र होता आणि तो काही केल्या कमी होईना. थोड्याच उंचीवर विमान जणू हवेतच अडखळले, एका अंगावर कलले आणि खाली कोसळून पेटले. आतील पाच जणांपैकी तिघे वाचले. हिल त्याच दिवशी गेले, टॉवर काही दिवसांनी.

इंजिने ठीक होती. पंखही शाबूत होते. मग झाले काय?

विमान जमिनीवर उभे असते तेव्हा वाऱ्याने त्याच्या शेपटीवरचे हलते पट फडफडतात आणि त्यांचे नुकसान होऊ शकते. ते टाळण्यासाठी एक अडसर घालून हे पट जागच्या जागी पक्के करतात. उड्डाणापूर्वी हा अडसर काढावा लागतो. त्या दिवशी तो काढायचा राहून गेला होता! शेपटीचे आडवे पट हलत नसल्यामुळे वैमानिकाला विमानाचे नाक खाली करता येईना. पंख हवेला ठराविक मर्यादेपेक्षा जास्त तिरपे झाले की त्यांच्यावरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही. ती सुटते आणि पंखांना मिळणारी उचल एकदम घटते. मॉडेल २९९ चे नेमके हेच झाले.

विद्यार्थी मित्रांनो, आता क्षणभर असे समजा, की चौकशीचा निकाल तुम्हाला लिहायचा आहे. तुम्ही काय लिहाल? “अडसर काढायला वैमानिक विसरला. चूक वैमानिकाची.” हे उत्तर खोटे नाही. पण ते पुरेही नाही. मेजर हिल हे नवशिके नव्हते. नव्या विमानांची परीक्षा घेणे हेच त्यांचे काम होते. असा कसलेला माणूस जी गोष्ट विसरला, ती उद्या दुसरा कोणी विसरणार नाही कशावरून?

लष्करातील जाणत्यांनी प्रश्न थोडा बदलून विचारला. ‘कोण विसरला’ हे न विचारता त्यांनी विचारले, ‘माणूस विसरला तरी विमान पडू नये यासाठी काय करता येईल?’ या प्रश्नाचे उत्तर अगदी साधे निघाले. उड्डाणापूर्वी काय काय पाहायचे, उड्डाण चालू असताना काय, उतरण्यापूर्वी काय आणि उतरल्यावर काय, याची एक छापील यादी करायची आणि ती दर वेळी वाचून एकेक गोष्ट ताडून पाहायची. स्मरणशक्तीवर विसंबायचे नाही. पुढे हेच विमान ‘बी-१७’ या नावाने ओळखले गेले आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अशी १२,७३१ विमाने बांधली गेली. तपासणी-यादी वाचल्याशिवाय आज जगातील कोणतेही प्रवासी विमान जमीन सोडत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीतही आता अशी यादी वाचली जाते.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच, की ‘चूक कोणाची?’ या प्रश्नापाशी जो थांबतो त्याला शिक्षा करता येते, पण शिकता येत नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत विमाने फार पडली. त्या काळातील माणसांनी त्या अपघातांतून विमान सुरक्षित केले, ते मात्र ‘चूक कशामुळे?’ हा दुसरा प्रश्न विचारल्यामुळे. जेथे तो विचारला गेला नाही तेथे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे.

आपल्या ओळखीच्या एका विमानाचे उदाहरण घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूपर्यंत उड्डाण केले. भारतीय विमान वाहतुकीची ही सुरुवात आपण अभिमानाने सांगतो. ते विमान होते डी हॅविलंड कंपनीचे ‘पस मॉथ’. पंख वर, खाली बंदिस्त छोटी खोली, एकच इंजिन आणि पंखांना आधार देण्यासाठी दोन्ही बाजूंना तिरकस दांडे, असे हे सुबक विमान होते.

पण याच जातीच्या विमानांबद्दल त्या काळात एक भयंकर कोडे निर्माण झाले होते. १९३० सालापासून काही पस मॉथ विमाने उडता उडता हवेतच मोडली. पहिले ऑस्ट्रेलियात मोडले. १९३१ च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या ड्रेकेन्सबर्ग डोंगरांत आणखी एक मोडले आणि त्यात ग्लेन किड्स्टन हा नामांकित वैमानिक मरण पावला. वैमानिक वेगवेगळे, देश वेगवेगळे. “वादळी हवेत शिरायला कोणी सांगितले होते?” असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ब्रिटनमधील तंत्रज्ञांनी ते केले नाही. त्यांनी दीर्घकाळ तपास केला, तेव्हा उलगडा झाला. खवळलेल्या हवेतून वेगाने जाताना पंखाचा पुढचा तिरकस दांडा थरथरू लागे. ही थरथर वाढून दांडा मोडे आणि त्यापाठोपाठ पंख निखळे.

यावर उपाय काय केला? मुख्य दांड्याला मध्यावर आणखी एक लहानसा आधारदांडा जोडला. एवढेच! एवढ्याशा दांड्याने काय होणार, असे तुम्हाला वाटेल. त्यासाठी एक प्रयोग आत्ताच करून पाहा. तुमची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर अशी दाबून धरा, की तिचा २० सेंटिमीटर भाग बाहेर राहील. टोकाला टिचकी मारा. पट्टी संथपणे आणि मोठाल्या झोक्यांनी थरथरेल. आता फक्त १० सेंटिमीटर भाग बाहेर ठेवा आणि पुन्हा टिचकी मारा. थरथर कितीतरी जलद आणि लहान होईल, आवाजही बारीक येईल. बाहेरची लांबी निम्मी केली की कंपनांची वारंवारता जवळजवळ चौपट होते, कारण ती लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. मध्यावर आधार दिला की लांब दांड्याचे जणू दोन आखूड दांडे होतात आणि ते सहजासहजी डोलत नाहीत. ज्या तत्त्वाने पस मॉथचे पंख वाचले ते तुमच्या कंपासपेटीत आहे. पण ते सापडले ते मोडलेला दांडा हातात घेऊन ‘हा का मोडला?’ असे विचारणाऱ्याला. वैमानिकाला दोष देऊन घरी जाणाऱ्याला ते सापडले नसते.

दुसरी गोष्ट चूक उघड करण्याबद्दलची आहे. १९३१ सालच्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेला अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात बझार या खेड्याजवळ एक प्रवासी विमान कुरणात कोसळले. फोकर कंपनीचे ‘एफ-१०’ जातीचे तीन इंजिनांचे ते विमान होते. आतील आठही जण मरण पावले. त्यांत नूट रॉकनी हे फुटबॉलचे शिक्षक होते. आपल्याकडे एखाद्या नामवंत क्रिकेटपटूला जो मान मिळतो, तसा अमेरिकेत त्यांना होता.

त्या वेळी तेथील सरकारी खाते अपघातांच्या चौकशीचे निष्कर्ष गुप्त ठेवीत असे. लोकांचा विमानांवरचा विश्वास उडू नये, कंपन्यांचे नुकसान होऊ नये, अशी कारणे त्यासाठी सांगितली जात. पण रॉकनी यांच्या मृत्यूने सारा देश हळहळला आणि ‘कारण सांगा’ असा आग्रह सुरू झाला. सरकारी अधिकाऱ्यांनी आधी बर्फाकडे आणि पंख्याकडे बोट दाखवले. पुढे लक्ष पंखाकडे गेले. तो पंख लाकडाचा होता आणि वरून प्लायवुडच्या फळ्या चिकटवलेल्या होत्या. आत ओल गेली की चिकटवलेले सांधे कमजोर होत. गंमत अशी, की वरचे प्लायवुड उचकटल्याशिवाय आतले सांधे पाहताच येत नसत. म्हणजे विमान रोज तपासले जात होते, पण ज्या जागी रोग होता ती जागा कोणालाच दिसत नव्हती!

मे १९३१ मध्ये या जातीची विमाने काही काळ जमिनीवर उतरवून ठेवण्यात आली. लाकडी पंखांच्या विमानावरचा लोकांचा विश्वास गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी, २ ऑगस्ट १९३२ रोजी, त्याच विमान कंपनीच्या जॅक फ्राय या अधिकाऱ्याने विमान बांधणाऱ्यांना पत्रे पाठवली आणि संपूर्ण धातूचे नवे प्रवासी विमान मागितले. त्या पत्राला उत्तर म्हणून डग्लस कंपनीने ‘डीसी-१’ बांधले. त्यापासून ‘डीसी-२’ आणि पुढे ‘डीसी-३’ जन्मले. डीसी-३ चीच लष्करी भावंडे म्हणजे आपल्याकडची सुप्रसिद्ध ‘डाकोटा’. १९४७ च्या ऑक्टोबरात आपले जवान श्रीनगरला उतरले ते याच विमानांतून. धातूची विमाने त्याआधीही होती, हे खरे. पण कॅन्ससच्या कुरणातील त्या अपघाताने धातूच्या विमानांना मोठी चालना दिली. कारण झाकून ठेवले असते तर ती मिळाली नसती.

आता या दोन्हींच्या उलट असे एक उदाहरण. तेथे चूक कोणीतरी वेळीच पाहिली होती, बोलूनही दाखवली होती. ऐकले मात्र कोणी नाही.

‘आर-१०१’ हे ब्रिटनचे प्रचंड हवाई जहाज. पंखांचे विमान नव्हे, तर हायड्रोजन वायूच्या पिशव्यांच्या जोरावर तरंगणारे जहाज. ते इंग्लंडहून इजिप्तमार्गे कराचीला येणार होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे आणि या जहाजासाठी तेथे अवाढव्य कोठारही बांधून ठेवले होते. पण जहाज अपेक्षेपेक्षा जड झाले. अधिक वायू मावावा म्हणून आतील पिशव्या सैल सोडल्या, तेव्हा त्या सांगाड्याच्या धातूवर घासू लागल्या. जहाजाच्या तपासणीची जबाबदारी मॅकवेड नावाच्या निरीक्षकावर होती. त्याने जुलै १९३० मध्ये वरिष्ठांना लिहून कळवले, की पिशव्या घासून त्यांना भोके पडत आहेत, घासणाऱ्या ठिकाणी कापडी गाद्या बांधणे हा खरा उपाय नव्हे आणि अशा स्थितीत उड्डाणाच्या परवान्याची शिफारस आपल्याला करता येणार नाही.

वरिष्ठांनी काय केले? ज्या खात्याच्या कामाबद्दल ही तक्रार होती त्याच खात्याच्या संचालकाला विचारले. गाद्यांनी काम भागेल, असे उत्तर आले. मॅकवेडचे पत्र बाजूला पडले. पुढे जहाज मध्ये कापून लांब करण्यात आले आणि आणखी एक वायूची पिशवी घालण्यात आली. एवढ्या मोठ्या बदलानंतर चाचणीचे उड्डाण झाले ते एकच, आणि पूर्ण वेगाची चाचणी तर झालीच नाही. हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड टॉमसन यांना भारतात जाऊन ऑक्टोबरातच परतायचे होते, कारण लंडनला एक मोठी परिषद भरत होती.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी, हवा बिघडत असताना, जहाज निघाले. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ ते जमिनीवर टेकले आणि पेटले. ५४ पैकी ४८ माणसे मरण पावली. लॉर्ड टॉमसनही त्यांत होते. घासून पडलेल्या भोकांतून वायू हळूहळू गळत राहिला आणि वादळी हवेत पुढच्या भागातील बराच वायू निघून गेला, असा निष्कर्ष नंतरच्या चौकशीत काढण्यात आला. मॅकवेडने तीन महिने आधी कागदावर लिहिले होते तेही नेमके पिशव्यांतील भोकांबद्दलच होते.

येथे कोणी म्हणेल, “सर, म्हणजे चुकणाऱ्याला काहीच बोलायचे नाही का? मग तर सगळेच निष्काळजी होतील!” आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर असे, की चुकणे आणि चूक दडपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अडसर काढायला विसरणे ही चूक झाली. धोक्याचे पत्र हाती असताना ते दूर सारणे, घाईसाठी चाचणी टाळणे, ही चूक नव्हे, तो अपराध होय. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण जो माणूस “माझ्याकडून असे झाले” किंवा “येथे काहीतरी बरोबर दिसत नाही” असे सांगायला पुढे येतो, त्यालाच आपण फटकारले, तर पुढच्या वेळी कोणीही काही सांगणार नाही. भोके पडतच राहतील, फक्त ती आपल्याला कळणार नाहीत. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत अपघाताच्या चौकशीचा हेतू स्पष्ट लिहिला आहे : पुढचा अपघात टाळणे हा एकमेव हेतू, दोष ठरवणे हा नव्हे. ही नियमावली प्रथम १९५१ साली स्वीकारली गेली. आपल्या देशातही २०१२ पासून अशा चौकशीसाठी विमान अपघात अन्वेषण ब्यूरो आहे. तरीसुद्धा कोठे विमान पडले, की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर “पायलटचीच चूक असणार” हे आपण ठरवून मोकळे होतो.

हे सारे मी दुसऱ्यांना शिकवतो आहे असे समजू नका. या बाबतीत मी स्वतः चांगलाच चुकलो आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी महाविद्यालयात नवीनच अधिव्याख्याता झालो होतो. साध्या दोलकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग चालू होता. एका विद्यार्थ्याने जर्नल आणले. त्याचे उत्तर आले होते ९.२. पुस्तकातले उत्तर ९.८. मी लाल शाईने काट मारली आणि वर सर्वांसमक्ष म्हणालो, “डोळे उघडे ठेवून प्रयोग करत जा.” मुलगा काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने ९.७९ लिहून आणले. मी सही केली.

दोन वर्षांनी प्रयोगशाळेत नवी स्टॉपवॉचे आली. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी जुनी घड्याळे सहज नव्यांशी ताडून पाहिली. चावीचे एक घड्याळ मिनिटाला जवळजवळ दोन सेकंद पुढे जात होते! तुम्हीच हिशेब करा. घड्याळ पुढे जाते म्हणून आंदोलनकाल तीन-साडेतीन टक्के जास्त येणार. सूत्रात त्याचा वर्ग छेदात आहे. म्हणजे उत्तर सहा-सात टक्के कमी, ९.८ चे ९.२ येणार. त्या मुलाचे डोळे उघडेच होते. मिटलेले होते ते माझे.

याहून वाईट गोष्ट मला त्या रात्री सुचली. ते घड्याळ दोन वर्षे निरनिराळ्या गटांच्या हातांतून फिरले होते. त्या सर्वांना ९.२ च्या आसपासच उत्तर आले असणार. पण एकाही जर्नलमध्ये ते नव्हते. सगळीकडे ९.८. खरे वाचन लिहिण्याचे धैर्य एकाच मुलाने दाखवले आणि त्याला मी वर्गासमोर खजील केले. आमच्या प्रयोगशाळेतला मॅकवेड तो होता आणि त्याचे पत्र बाजूला सारणारा वरिष्ठ मी होतो. आमच्याकडे कोणी मेले नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला माझे सांगणे आहे. वाचन वेगळे आले तर ते खोडरबराने पुसू नका. त्यावर एक रेघ मारा, ते वाचता येईल असे राहू द्या आणि शेजारी ‘असे का आले असावे’ ते लिहा. कदाचित तुमचे चुकले असेल, कदाचित उपकरणाचे. दोन्ही शक्यता तपासण्यातच खरा प्रयोग आहे. ९.८ हे उत्तर तर पुस्तकात आधीच छापलेले आहे, ते काढण्यासाठी प्रयोगशाळेत यायची गरज काय?

आणि शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे, की प्रयोगाच्या गुणांपैकी काही गुण बरोबर उत्तरासाठी न ठेवता, चुकलेल्या वाचनाचे कारण शोधण्यासाठी ठेवावेत. आपण केवळ जुळणाऱ्या उत्तराला गुण देतो तेव्हा मुलांना भौतिकशास्त्र शिकवीत नाही, लपवालपवी शिकवतो. हीच मुले उद्या पूल बांधणार, औषधे बनवणार, विमानांचे सांधे तपासणार आहेत.

ते जुने घड्याळ मी फेकू दिले नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. दर वर्षी दोलकाच्या प्रयोगाच्या वेळी मी ते कोणत्या तरी एका गटाला काही न सांगता देतो. बहुतेक गट अजूनही ९.८ लिहून आणतात. गेल्या वर्षी मात्र चार मुलामुलींच्या गटाने ९.२ लिहून आणले आणि खाली एक ओळ लिहिली होती : ‘आमचे घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहावे असे वाटते.’

त्या चौघांना मी पैकीच्या पैकी गुण दिले.